घरगुती ब्रूडर : ३० पिल्लांना ऊब किती, कुठून आणि किती सुरक्षित?

परसदार
एक दिवसाची ३० पिल्लं एकदमच येणार आहेत. त्यांच्यासाठी घरीच ब्रूडर, म्हणजे आईविना पिल्लांना ऊब देणारी जागा, बांधायचा आहे. करवत हातात घेण्याआधी आराखडा इथे मांडते, चुका दाखवा.

खोकं प्लायवुडचं, ४ फूट बाय ३ फूट, उंची दीड फूट. मधोमध २५० वॅटचा लाल इन्फ्रारेड बल्ब, वरच्या आडव्या पट्टीवरून त्याच्या वायरीनेच सोडलेला. तळाला वर्तमानपत्रांचे थर. वरून प्लायचंच झाकण, ऊब बाहेर जाऊ नये म्हणून, त्याला हवेसाठी चार भोकं. डिजिटल थर्मोस्टॅट ३५ अंशांवर. वीज गेली तर काय, ते अजून ठरलेलं नाही.

प्रश्न दोनच. पिल्लांना यात नीट ऊब मिळेल का? आणि हे रात्रभर चालू ठेवून झोपता येईल का?

रानजाई
दुसऱ्याचं उत्तर आधी देते: नाही. झाकण काढा, वर्तमानपत्र काढा आणि बल्ब वायरीवर टांगू नका. एवढं केल्याशिवाय पिल्लं आणू नका. बाकीचं सावकाश बोलू.

तारजोड
रानजाईंशी पूर्ण सहमत. ब्रूडरला आग लागते ती बहुतेक वेळा एकाच पद्धतीने: दिवा खाली पडतो आणि कोरड्या भुशावर चालूच राहतो. दिवा पडला म्हणून एमसीबी पडत नाही. एमसीबीला फक्त जादा करंट कळतो, आणि भुशात पडलेला बल्ब नेहमीएवढाच करंट घेत असतो. म्हणून सगळा भर पडूच नये यावर द्यायचा.

१) दिव्याच्या पत्र्याच्या टोपीला साखळी लावा, छताच्या किंवा तुळईच्या हुकात अडकवा. त्याच टोपीला दुसरी, वेगळ्या हुकाला बांधलेली जाड बाइंडिंग तार. साखळी निसटली तरी दिवा तारेवर तरंगला पाहिजे, भुशापासून किमान एक फूट वर. दोन्ही एकाच हुकात अडकवल्या तर दुसरीचा उपयोग शून्य.

२) नायलॉन दोरी, सुतळी, प्लास्टिकचे टाय नकोत. उष्णतेने मऊ होतात. टोपीसोबत येणारी स्प्रिंगची क्लिप हा तर एकमेव आधार कधीच नसावा. कोंबडी उडून बसली, मांजराने उडी मारली, की ती सुटते.

३) होल्डर चिनी मातीचा. बॅकेलाइटचा होल्डर साध्या ६० वॅटला चालतो, पण इन्फ्रारेड बल्बच्या मानेशी उष्णता इतकी साचते की तो ठिसूळ होऊन तडकतो. प्लास्टिकचा तर विचारही नको.

४) वायरीवर वजन येऊ देऊ नका. होल्डर मागे वायरीची पकड असलेला घ्या आणि वायर सैल ठेवा. तांब्याची १ चौरस मिलिमीटरची वायर पुरे. माळांना असते तसली बारीक वायर उष्णतेने कडक होते आणि घडीवर तुटते.

५) जोड ब्रूडरच्या वर किंवा आत नको. प्लग, एक्स्टेन्शन बोर्ड सगळं बाहेर आणि जमिनीपासून वर. पिल्लांचा भुसा आणि पिसांची धूळ सॉकेटमध्ये बसते, ओल आली की ठिणगी उडते.

६) त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) हवी. ती आगीसाठी नाही, माणसासाठी. ओल्या हाताने पाण्याचं भांडं बदलताना पत्र्याच्या टोपीला हात लागतोच.

७) बल्बच्या खाली टोपीच्या तोंडावर तारेची जाळी. बल्ब फुटला किंवा सुटला तरी तापलेली काच भुशात जात नाही.

भुरी
तारजोडदादा वायरिंगचं बोलले, मी आकड्याचं बोलते. ३० पिल्लांना, दीड फूट उंच खोक्यात, २५० वॅट म्हणजे भट्टी. हा बल्ब भुशापासून दीड ते दोन फुटांवर टांगायचा असतो. तुमच्या खोक्याची उंचीच दीड फूट, त्यात वरून झाकण. बल्बखालची जागा ४५ अंशांच्या वर जाईल आणि पिल्लांना पळायला जागा उरणार नाही.

बंद खोलीत ठोकताळा साधा आहे: पिल्लामागे २ वॅट. ३० पिल्लांना ६० वॅट, खोली थंड असेल तर १००-१२०. म्हणून ६०-६० वॅटचे दोन साधे, तारेचे बल्ब घ्या. दोन का? एक मध्यरात्री उडाला तर दुसरा निम्मी ऊब देत राहतो. एकच मोठा बल्ब उडाला की सकाळपर्यंत सगळी पिल्लं एकमेकांवर चढून बसलेली असतात आणि तळाची गुदमरून गेलेली असतात. दिवस कोमट असेल तेव्हा एक बल्ब बंद करायचीही सोय होते. एलईडी मात्र घेऊ नका, ते उजेड देतात, ऊब जवळपास नाहीच.

आणि बल्ब मधोमध का? एका टोकाला ठेवा. उबदार टोक, कोमट मधला भाग, गार टोक, असं खोकं हवं. मग कुठे बसायचं ते पिल्लू स्वतः ठरवतं. दिवा मध्यावर असला की छोट्या खोक्यात गार कोपरा उरतच नाही.

परसदार
मनापासून आभार सगळ्यांचे. मग ३५ अंश मोजायचे कुठे? बल्बखाली की मधे? थर्मोस्टॅटचा सेन्सर भिंतीला चिकटवायचा होता.

टिपणवही
भिंतीला नको. भिंतीवरचा आकडा भिंतीचा असतो. उबदार टोकाला, बल्बच्या थेट खाली न ठेवता त्याच्या वर्तुळाच्या कडेला, भुशापासून ५ सेंटिमीटरवर मोजायचं. पिल्लाची पाठ तिथे असते. सेन्सरवर थेट प्रकाश पडला तर तो हवेपेक्षा जास्त दाखवतो, तेव्हा त्याला पत्र्याचा छोटा आडोसा करा.

या जागी पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश, दुसऱ्यात ३० ते ३२, तिसऱ्यात २७ ते २९, चौथ्यात २४ ते २६, पुढे २१ पर्यंत. दर आठवड्याला साधारण ३ अंश. हे एकाच दिवशी उतरवू नका, एक-दोन दिवसांआड साखळीची एक-एक कडी वर घ्या.

तापमापकावर डोळे झाकून विश्वास नको. ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालून त्यात टोक बुडवा, ० दाखवायला हवा. २ अंश दाखवला तर तेवढे वजा करून वाचा.

निरखी
टिपणवहींचे आकडे बरोबर आहेत, पण ते सुरुवात करण्यापुरते. खरा तापमापक पिल्लं आहेत. या धाग्यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

पिल्लं दिव्याखाली गठ्ठा करून, तोंडं आत करून बसली आणि आवाज मोठा, टोकदार, न थांबणारा येतोय: थंडी वाजतेय. दिवा खाली घ्या.

सगळी दिव्यापासून लांब, कडेला चिकटून, पंख अंगापासून सुटलेले, चोच उघडी, गप्प गप्प: उकडतंय. दिवा वर घ्या. गप्प आहेत म्हणून सुखात आहेत असं समजू नका, उकाड्यातलं पिल्लू ओरडत नाही.

सगळी एकाच बाजूला, दिव्याशी संबंध नाही: दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येतोय. दिव्याला हात लावायच्या आधी झोत शोधा. हाताची ओली पाठ भुशाजवळ धरली की लगेच कळतं. खूपदा दाराखालची फट निघते.

काही खातायत, काही पीत आहेत, काही अंग पसरून, मान टाकून झोपलीयत आणि बारीक किलबिल चालू आहे: हे बरोबर. मान टाकून, पाय मागे पसरून झोपलेलं पिल्लू पाहून नवखी माणसं घाबरतात. ते मेलेलं नाही, गाढ झोपलंय.

हे निरीक्षण दिवसा चारदा करा, पण सगळ्यात महत्त्वाचं रात्री उशिरा, घर गार झाल्यावर. दुपारी जमवलेला दिवा पहाटे कमी पडतो.

अजून एक खूण आहे, ती फार कमी लोक बघतात. पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावा. गार लागले तर तळाचा भुसा गार आहे, हवेचा आकडा काहीही असो. आणि आल्यानंतर ८ तासांनी पाच-सहा पिल्लांची गळ्याखालची अन्नपिशवी चाचपा. मऊ, भरलेली लागली म्हणजे ते खाऊन-पिऊन आहे. २४ तासांनी जवळजवळ सगळ्यांची भरलेली हवी. रिकामी असेल तर खाद्याला दोष देण्याआधी ऊब तपासा, कारण गारठलेलं पिल्लू दिवा सोडून खाद्यापर्यंत जातच नाही.

वाटाड्या
मग थर्मोस्टॅट कशाला? पिल्लांकडे बघा, साखळी वर-खाली करा, झालं. यंत्र जितकं कमी तितका बिघाड कमी.

तारजोड
@वाटाड्या, अर्धं मान्य. तारेच्या बल्बला थर्मोस्टॅट लावला की तो दर काही मिनिटांनी विझतो-पेटतो. बल्ब लवकर उडतो, आणि अचानक अंधार झाला की पिल्लं बिथरून एका कोपऱ्यात दाटी करतात. बल्ब असेल तर डिमर बरा, रात्री थोडा वाढवायचा, दुपारी थोडा उतरवायचा.

पण दिवसा-रात्रीच्या हवेत १५ अंशांचा फरक असेल आणि पहाटे उठणारं कोणी नसेल, तर थर्मोस्टॅट लागतोच. तेव्हा सोबत बिनउजेडाचा सिरॅमिक हीटर घ्या, त्याला चालू-बंद होण्याचा त्रास नाही.

थर्मोस्टॅट कसा दगा देतो ते सांगतो. सेन्सर ओढला जाऊन खोक्याबाहेर पडला, तर त्याला वाटतं थंडी आहे, तो हीटर बंदच करत नाही. पिल्लं सेन्सरवर दाटी करून बसली, तर त्याला वाटतं उकडतंय, तो हीटर बंद करतो आणि बाकीची गारठतात. तिसरं, स्वस्त रिलेचे संपर्क आतून चिकटतात आणि पडद्यावर 'बंद' दिसत असताना हीटर चालू राहतो. म्हणून सेन्सर जाळीच्या नळीत घालून नळी खोक्याला स्क्रूने पक्की करा. आणि दुसरा, वेगळा थर्मोस्टॅट पहिल्याशी सिरीजमध्ये जोडा, ३८ अंशांवर, त्याचा सेन्सरही वेगळा. पहिला अडकला तर दुसरा तोडतो.

कवडी
सिरॅमिक हीटर घेणाऱ्यांना दोन गोष्टी. तो उजेड देत नाही, त्यामुळे पहिले दोन दिवस तरी वेगळा छोटा दिवा हवा, नाहीतर पिल्लांना पाणीच दिसत नाही. आणि तो पेटलेला आहे हे डोळ्यांना कळत नाही, पण पृष्ठभाग बल्बपेक्षा जास्त पोळतो. तारजोडांनी सांगितलेली जाळी इथे दुप्पट गरजेची.

पशुमित्र_वै
बल्बवरून एक महत्त्वाचं. 'न फुटणारा' म्हणून मिळणाऱ्या काही बल्बांवर टेफ्लॉनचा लेप असतो. तापल्यावर त्यातून निघणारा वायू पक्ष्यांच्या फुप्फुसांना घातक असतो. माणसाला सहसा काही जाणवतही नाही आणि पिल्लं पटापट मरतात. खोक्यावर पीटीएफई किंवा टेफ्लॉन असं कुठेही लिहिलं असेल तर तो बल्ब पक्ष्यांच्या खोलीतही लावू नका. ब्रूडरच्या खोलीत नॉनस्टिक तवा तापवणंही त्याच कारणाने टाळा.

सोनपंखी
एवढी वायरिंग, दोन थर्मोस्टॅट, दोन साखळ्या... खुडूक कोंबडी बसवा की! तिला ना प्लग लागतो ना आरसीसीबी :)

भुरी
सोनपंखी, हसू आलं, पण सूचना उत्तम आहे. खुडूक कोंबडीइतका अचूक ब्रूडर नाही. फक्त अटी आहेत. ती किमान दोन आठवडे अंड्यांवर पक्की बसलेली हवी, नुसती कालपासून फुगून बसलेली चालत नाही. पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत, त्यापेक्षा मोठी पिल्लं तिला आई मानत नाहीत. रात्री अंधारात, तिच्या खालची अंडी काढत एकेक पिल्लू सरकवायचं. पहाटे उजाडताना तिथे हजर राहायचं. तिने चोच मारली तर पिल्लं लगेच काढून घ्यायची. आणि एका कोंबडीखाली १०-१२ पिल्लं नीट मावतात. ३० नाही. बाहेर उरलेली रात्री गारठतात.

वाटाड्या
बरं, कोंबडीची नक्कल करणारी पाटी कोणी वापरत नाही का? पायांवर उभी असते, खालची बाजू कोमट, पिल्लं खाली शिरतात.

कवडी
उष्ण पाटी. आगीच्या दृष्टीने माझं पहिलं मत तिलाच. १५-६० वॅटमध्ये काम होतं, पडायला काही नाही, भुसा पेटेल इतकी ती तापत नाही, आणि रात्री खरा अंधार मिळतो. सतत उजेडात वाढलेली पिल्लं एकमेकांची पिसं जास्त उपटतात.

तिचं तंत्र वेगळं आहे हे मात्र समजून घ्या. ती हवा तापवत नाही, पाठ टेकली की ऊब देते. म्हणून तिच्याखाली तापमापक ठेवून ३५ शोधत बसू नका, मिळणार नाही. उंची अशी की उभ्या पिल्लाची पाठ हलकेच लागेल. एक बाजू थोडी उंच, दुसरी खाली, म्हणजे लहानमोठं प्रत्येक पिल्लू आपली जागा शोधतं. दर तीन-चार दिवसांनी पाय एक खाच वर. पहिल्या दिवशी पिल्लांना पाटी म्हणजे काय ते कळत नाही, तेव्हा दोन-तीनदा हाताने खाली सरकवायची.

त्रुटी: खोली १० अंशांच्या खाली गेली तर पाटी एकटी पुरत नाही. दुसरं, पाकिटावर लिहिलेली पिल्लांची संख्या पहिल्या आठवड्याची समजा. तिसऱ्या आठवड्यात तेवढी मावत नाहीत. ३० पिल्लांना मोठी पाटी किंवा दोन मध्यम घ्या. वर चढून घाण करतात, त्यावर उतरता पत्रा बसवा.

टिपणवही
परसदार ताई, आकाराबद्दल. पिल्लामागे अर्धा चौरस फूट पहिले दोन आठवडे, पुढे एक चौरस फूट. तुमचं खोकं १२ चौरस फूट, म्हणजे ३० पिल्लांना पहिल्याच दिवसापासून तंग. शिवाय त्याला चार काटकोन आहेत. घाबरलेली किंवा गारठलेली पिल्लं कोपऱ्यातच चढाओढ करतात.

खोक्याऐवजी गोल कुंपण करा. दीड फूट उंचीचा पातळ पत्रा किंवा जाड पुठ्ठा, १५ फूट लांब, टोकं एकमेकांवर चढवून क्लिपा. साडेचार फूट व्यासाचं वर्तुळ होतं, जवळजवळ १६ चौरस फूट. टोकं सुटी असल्याने दर चार दिवसांनी वाढवता येतं. शेवटी ६ फूट व्यासाला २८ चौरस फूट मिळतात, त्याला २० फूट लांबी लागेल, तेव्हा आधीच दोन तुकडे करून ठेवा. प्लायचंच हवं असेल तर निदान कोपऱ्यांत आडवा पुठ्ठा वाकवून बसवा. पुठ्ठा कुठल्याही दिव्यापासून दीड फूट लांब.

मातीचंभांडं
वीज गेली तर? धागाकर्तीचा हा प्रश्न तसाच राहिलाय.

रानजाई
त्यावर येतच होते. सर्वात आधी काय करू नये: बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पिल्लं आधी जातात आणि नंतर तिथे झोपलेली माणसं. जनरेटरही खोलीबाहेर, खिडकीपासून लांब.

काय करावं: पुठ्ठ्याची खोकी तयार ठेवा, प्रत्येकात १०-१५ पिल्लं मावतील एवढी लहान, बाजूंना वरच्या भागात बोटाएवढी भोकं. तळाला तीन इंच भुसा. दोन बाटल्यांत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून कडेला ठेवा. हात बाटलीवर मिनिटभर निवांत ठेवता आला पाहिजे, एवढंच गरम. लहान जागेत पिल्लांच्या स्वतःच्या अंगाची ऊब टिकते. वरून सुती फडकं, एक कोपरा उघडा. दीड-दोन तासांनी पाणी बदला. बुच घट्ट आहे ना ते दोनदा बघा, भिजलेलं पिल्लू कोरड्यापेक्षा फार लवकर गारठतं.

इन्व्हर्टर असेल तर हिशोब आधी करा. १२० वॅटचे बल्ब आठ तास म्हणजे ९६० वॅट-तास, साध्या घरगुती बॅटरीला हे जड. ४० वॅटची पाटी त्याच आठ तासांत ३२० घेते. वीज वारंवार जात असेल तर पाटीच्या बाजूने हा मोठा मुद्दा आहे.

मातीचंभांडं
धन्यवाद. आणि झाकणाचं काय? ऊब टिकवायला सगळीकडून प्लास्टिक कागद लावतात ना?

निरखी
लावतात, आणि तिथेच घोळ होतो. सगळं बंद केलं की पिल्लांच्या श्वासाची आणि विष्ठेची ओल आतच राहते. भुसा दमट होतो, अमोनिया सुटतो. खाली वाकून नाक पिल्लांच्या उंचीवर न्या. डोळे चुरचुरले तर पिल्लांचे कधीपासून चुरचुरत आहेत ते समजा. उभ्याने वास येत नसला तरी खाली असतो. झोत अडवायचा तो खालच्या दीड फुटात, वर मोकळं ठेवायचं. गरम ओली हवा वरूनच जाते. वर तारेची जाळी टाका, प्लायचं झाकण नको.

परसदार
वर्तमानपत्राला सगळ्यांनी नकार दिलाय, पण कारण कुणी सांगितलं नाही. स्वच्छ करायला सोपं म्हणून घेणार होते.

पशुमित्र_वै
गुळगुळीत आहे म्हणून. कोवळ्या पिल्लाचे पाय त्यावर दोन्हीकडे घसरतात, दोन-तीन दिवसांत सांधे तसेच ताणले जातात आणि पाय फाकलेले राहतात. ओला कागद तर आणखी निसरडा. तळाला ५ ते ८ सेंटिमीटर भाताचं तूस किंवा सुताराकडचे रंध्याचे जाडसर छिलके घाला. करवतीचा बारीक भुसा नको, पिल्लं तो खाद्य समजून खातात आणि त्याची धूळ छातीत जाते. पहिले दोन दिवस वरून खरखरीत कागदी रुमाल अंथरा, त्यावर थोडं खाद्य विखरा. टोचायचं काय हे कळलं की रुमाल काढून टाका.

भुसा रोज वरखाली करा. पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग हाताने काढून कोरडा घाला. उबदार आणि ओल्या भुशात कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीची अंडी एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिल्लं फुगून बसायला लागली, विष्ठेत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे विष्ठा न्या. औषध वेळेत मिळालं तर पिल्लं वाचतात, दोन दिवस वाट पाहिली तर नाही.

भांडं दिव्याच्या थेट खाली नको, पाणी गरम होतं आणि भुसा सांडल्या पाण्याने वाफाळतो. पण गार टोकालाही नको, पहिल्या दिवशी पिल्लं तिथवर जाणार नाहीत. दिव्याच्या वर्तुळाच्या कडेला ठेवा. पाण्याची खोली २ सेंटिमीटर, त्यात गोटे. पहिलं पाणी कोमट. आल्याबरोबर प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवायची.

ढगफुटी
मागच्या बाजूला विष्ठा चिकटून सुकते, त्याचा ऊबेशी संबंध आहे का? दोन पिल्लांना झालंय.

पशुमित्र_वै
बहुतेक वेळा आहे. वाटेत गारठणं, नंतर जास्त उकडणं किंवा पाणी कमी पिणं, तिन्हींनी होतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून मिनिटभर धरा, मऊ झाल्यावर पुसा. ओढू नका, कातडी सोलते. पिल्लू पूर्ण कोरडं करूनच परत सोडा. आणि एक काळजी घ्या: पोटाखाली, गुदद्वाराच्या पुढे, वाळलेला काळसर ठिपका असतो, तो बेंबीचा. त्याला हात लावायचा नाही.

दिवा ठीक करा, नाहीतर रोज पुसत बसाल. अगदी गार, मान टाकलेलं पिल्लू असेल तर आधी ऊब, मग पाणी, शेवटी खाद्य. गार पिल्लाच्या चोचीत पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जातं.

ढगफुटी
दिवा खूप खाली होता, चार इंच वर घेतला. आता पसरून बसलीयत. आभार!

सोनपंखी
उंदरांचं कोणी बोललंच नाही. ऊब आणि खाद्य दोन्ही त्यांनाही हवं असतं. एक उंदीर रात्रीत कितीतरी पिल्लं ओढून नेतो. वरची आणि खालची जाळी अर्ध्या इंचाच्या चौकटीची, वेल्ड केलेली. षट्कोनी कोंबडीजाळी फक्त कोंबडी आत ठेवते, उंदीर आणि साप बाहेर ठेवत नाही.

तारजोड
आणि उंदीर वायर कुरतडतो. ब्रूडरपर्यंतची वायर पीव्हीसी नळीतून न्या.

परसदार
सगळं वाचून आराखडा बदलला. पुन्हा तपासाल का?

खोकं रद्द. खोलीत एका भिंतीशी, दारापासून लांब, गोल पत्र्याचं कुंपण, व्यास साडेचार फूट, वाढवायला दुसरा तुकडा तयार. ४० वॅटची मोठी पाटी एका बाजूला. जोडीला पत्र्याच्या टोपीत ६० वॅटचा एक बल्ब डिमरवर, पहिल्या आठवड्यातल्या गार रात्रींपुरता, पाटीच्याच बाजूला. साखळी आणि तार वेगवेगळ्या हुकांना. चिनी मातीचा होल्डर, जाळी. आरसीसीबी त्या लाइनला बसवून घेते. तळाला तूस, वर अर्ध्या इंचाची जाळी. वीज गेली तर दोन खोकी आणि बाटल्या कपाटात तयार. पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशी चालू करून ठेवायचं.

राहिलेला प्रश्न: ऊब बंद कधी करायची?

टिपणवही
आराखडा उत्तम. आदल्या दिवशी चालू करणं फार महत्त्वाचं, कारण हवा तासाभरात तापते पण भुसा आणि खालची फरशी तापायला दिवस लागतो. पिल्लं सोडताना पाटीखालचा भुसा तळहाताला कोमट लागला पाहिजे. फरशी गार असेल तर तुसाखाली आधी पुठ्ठा किंवा पोतं घाला.

भुरी
बंद करण्याचं वय नाही, पिसं बघायची. पंखांची आधी येतात, छातीची आणि पाठीची शेवटी. तिसऱ्या आठवड्यात दुपारी पाटी बंद करून अर्धा तास बघा. पसरून फिरत राहिली तर दुपारची बंद. मग पूर्ण दिवसाची. रात्रीची शेवटी, साधारण पाचव्या आठवड्यात, लव जाऊन पाठ पिसांनी झाकल्यावर. गार हवेत सहावाही लागतो. बंद केल्यानंतरच्या पहिल्या रात्री दोनदा जाऊन बघा, आणि त्या दिवशी जागा किंवा खाद्य काहीही बदलू नका. ऊब, जागा आणि खाद्य तिन्ही एकदम बदललं की पिल्लं कोपऱ्यात दाटी करतात, भलेही ती पिसं आलेली असोत.

परसदार
आणि त्या काळात चार-पाच कमी पिसांची, मागे पडलेली राहिली तर? सगळ्यांसाठी पाटी चालू ठेवायची का?

भुरी
हो, ठेवा. पाटीचा हाच फायदा, ज्याला नको ते बाहेर बसतं. पाय वर केलेले असतील तर एक बाजू पुन्हा खाली घ्या, लहान पिल्लांची पाठ लागेल इतकी. बल्ब असता तर मोठ्यांना उकडलं असतं आणि लहान-मोठी वेगळी करावी लागली असती.

तारजोड
एक शेवटचं, ताई. पिल्लं यायच्या आदल्या दिवशी सगळं चालू असताना साखळी हुकातून मुद्दाम काढा आणि दिवा तारेवर कुठवर येतो ते बघा. भुशापासून फूटभर वर थांबला नाही तर तार आखूड करा. हे कुंपण वाढवताना आणि दिव्याची उंची बदलताना प्रत्येक वेळी पुन्हा तपासायचं, कारण साखळीची कडी बदलली तरी तारेची लांबी तशीच राहते.